घाटावर कोविड, कागदावर न्यूमोनिया

बाबांच्या घाटाच्या, म्हणजे स्मशानाच्या, पावतीवर निळ्या पेनाने 'कोविड' लिहिलेलं होतं आणि त्यांच्या बाकी एकाही कागदावर तो शब्द नव्हता. कोविडची आरटीपीसीआर टेस्ट निगेटिव्ह, भरतीच्या कागदावर 'सस्पेक्ट', हॉस्पिटलने दिलेल्या मृत्यूच्या कागदावर 'बायलॅटरल न्यूमोनिया, एआरडीएस', म्हणजे दोन्ही फुप्फुसांचा न्यूमोनिया आणि श्वास निकामी. या एका शब्दासाठी मी डिसेंबर २०२१ पासून मार्च २०२२ पर्यंत ऑफिसातून हाफ डे टाकून टाकून फिरून राहिली होती. अजूनही कोणी ना कोणी विचारतंच, कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना सरकारकडून मिळायचे त्या पन्नास हजाराचं तुम्ही कसं केलं म्हणून, तर एकदा सगळं लिहूनच टाकते. लांबेल, आधीच सांगून ठेवते.

आम्ही मानेवाडा रोडला राहतो. बाबा विजेच्या बोर्डातून रिटायर, वय ६७, बीपीची एक गोळी सोडली तर काहीच नाही, पहाटे साडेपाचला फिरायला जायचे आणि येताना सांबार आणि पेपर घेऊन यायचे (नागपूरबाहेरच्यांसाठी, सांबार म्हणजे कोथिंबीर). २०२१ च्या मार्चमधेच शहराचं बिघडलं होतं, १५ ते २१ मार्च कडक लॉकडाऊन लागला, तरी बाबांचं फिरणं फक्त गच्चीवर आलं इतकंच. लसीचा पहिला डोस झाला होता, दुसऱ्याची वाट पाहत होतो. ४ एप्रिलला ताप आला. ६ ला स्वॅब दिला आणि ९ ला रिपोर्ट आला, निगेटिव्ह.

तो निगेटिव्ह वाचून आम्ही काय केलं तर आई रडली, मग तिने पाटोडीची भाजी केली आणि आम्ही तिघं एका खोलीत एका कूलरपुढे बसून जेवलो. आज आठवलं की पोटात गोळा येतो. स्वॅब नीट घेतला गेला नाही किंवा तोवर व्हायरस नाकातून खाली छातीत उतरला असेल तर टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, हे आता शेंबडं पोरगंही सांगेल, पण तेव्हा आमच्यासाठी तो कागद म्हणजे देवाचा कौल होता. त्याच रात्री ऑक्सिमीटर ९१ दाखवायला लागला. आधी वाटलं मशीनच खराब आहे, मी माझं बोट घातलं तर ९८.

१० ला सकाळी रामदासपेठेत एचआरसीटी, म्हणजे छातीचा स्कॅन केला. स्कोर २५ पैकी १६, खाली लिहिलेलं 'कोरॅड्स ५', म्हणजे फोटो बघून कोविडच वाटतो आहे असं. आणि मग जे सुरू झालं ते कोणाच्या वैऱ्यावरही येऊ नये. कोविडचं हॉस्पिटल म्हणे आरटीपीसीआर निगेटिव्ह आहे, आम्ही घेऊ शकत नाही, बिगर-कोविडवालं म्हणे स्कोर १६ आहे, आम्ही तर अजिबातच घेऊ शकत नाही. बाबा मागच्या सीटवर, मी गाडी चालवून राहिली होती, दादा पुण्याहून फोनवर यादी वाचून एकेक नंबर लावत होता, धंतोली झालं, रामदासपेठ झालं, मेडिकल चौकात तर गाडी लावायलाच जागा नव्हती. बाबा मधेच म्हणाले, "घरी चल बाई, एसी बंद कर, पेट्रोल जाते फुकट." ४२ डिग्रीत.

११ च्या पहाटे एका छोट्या खाजगी दवाखान्यात बेड मिळाला, नाव लिहित नाही, त्यातल्या एका सिस्टरचे माझ्यावर उपकारही आहेत. एक लाख रोख भरले. गुढीपाडवा १३ तारखेला होता, तो मी दवाखान्याच्या पार्किंगमधे काढला, समोरच्या बिल्डिंगीत दोन गुढ्या दिसत होत्या. रेमडेसिवीरच्या सहा इंजेक्शनांचा कोर्स सांगितला, त्यातली चार मिळाली, कशी मिळाली ते विचारू नका. त्या इंजेक्शनासाठी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला मधे पडावं लागलं होतं इतकी बोंब होती, आणि डब्ल्यूएचओने नोव्हेंबर २०२० मधेच सांगितलं होतं की भरती पेशंटला त्याने जीव वाचतो असा पुरावा नाही, हे मला नंतर वाचून कळलं. तेव्हा कळलं असतं तरी मी पळालीच असती, खोटं कशाला बोलू.

१९ च्या रात्री बाबा गेले. विशाखापट्टणमहून ऑक्सिजनची रेल्वे आली आणि तीन टँकर नागपुरात उतरले ते २३ ला. मी तो व्हिडिओ कितीदा तरी पाहिला. उगाच.

आता मुद्द्यावर येते. बाबांना पूर्ण प्लास्टिकमधे गुंडाळून दिलं. चेहरा लांबून दाखवला, हात लावू दिला नाही, घरी आणू दिलं नाही, घाटावर दोघांनाच परवानगी, त्यातली एक मी. पीपीई किटमधल्या पोरांनी सगळं केलं, कोणाची पोरं होती माहीत नाही, एकाने मला विचारलं, "ताई, पाण्याची बाटली आहे का?" मी दिली, त्याने किटमुळे प्यायली नाही, परत ठेवून दिली. अस्थी २१ ला घेतल्या, त्या दिवशी रामनवमी होती, पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा निघाली नाही त्या दुसऱ्या वर्षी, रस्ते इतके शांत की सिग्नलचा हिरवा दिवा लागला तरी मी थांबून राहिली आणि मागे हॉर्न वाजवायला कोणीच नाही. अस्थी घेऊन रामटेकला अंबाळ्याच्या तलावावर जाता आलं ते थेट जूनमधे. तेरवी झूमवर, त्यातही मोठ्या मामांचा माइक शेवटपर्यंत बंदच होत नव्हता.

म्हणजे बघा, हात लावायला कोविड, घरी आणायला कोविड, जाळायला कोविड. शेजाऱ्यांनाही कोविड, कारण आमच्या गेटसमोरून लोक रस्ता ओलांडून पलीकडून जायचे (एका काकूंनी मात्र १४ दिवस गेटच्या खिळ्याला डब्याची पिशवी लटकवली, त्यांचं पुढे येईलच). आणि सरकारी हिशेबात मात्र न्यूमोनिया.

मधले महिने आईचे गेले. आम्ही दोघी पॉझिटिव्ह निघालो, मी घरीच बरी झाली, आईला स्टिरॉइड द्यावे लागले आणि तिची शुगर ३४० ला गेली, याआधी तिला शुगर नव्हतीच. मे महिन्यात म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीची) अशी दहशत होती की मी रोज सकाळी मोबाइलचा टॉर्च लावून तिच्या टाळूकडे बघायची, काळं काही दिसतं का, नाक दुखतं का, डोळा सुजला का. श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं ते स्पायरोमीटर आठवतं ना, ती नळीतून श्वास ओढायची आणि एकच गोळी वर जायची, दुसरी हलायची पण नाही. तिला फोडणीचा वास यायला सप्टेंबर उजाडला. आणि वरून नातेवाईक, "लस घेतली म्हणूनच गेले ते," असं एकाने फोनवर म्हटलं, त्यामुळे आईने लस घ्यायला चार महिने उशीर केला. सांगून सांगून माझा घसा सुकला की डोसला जेमतेम काही दिवस झाले होते, एका डोसाने पूर्ण संरक्षण मिळत नाही, आणि मिळाल्यावरही आजार होणारच नाही असं कोणी म्हटलं नव्हतं.

तर पन्नास हजार. ३० जून २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना सानुग्रह मदत द्यायचे नियम बनवा. सप्टेंबरात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ५० हजार ठरवले, राज्याच्या आपत्ती निधीतून. ४ ऑक्टोबरला कोर्टाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात मोठी, मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्याच कारणाने कोणाला नाकारायचं नाही, आणि अर्ज केल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे. कोणाला धरायचं तेही ठरलं होतं, टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून किंवा दवाखान्यात तपासण्यांवरून कोविड ठरल्यापासून ३० दिवसांत गेलेला माणूस, मग तो घरी गेला असला तरी, आणि भरती असताना ३० दिवसांनंतर गेला असला तरी. हे 'तपासण्यांवरून' माझ्या कामाचं होतं. आरटीपीसीआर निगेटिव्ह असली तरी एचआरसीटी, ऑक्सिजन, औषधं, सगळं कोविडचंच.

आई म्हणे, "नको बाई, माणसाचे पैसे घेतल्यासारखं वाटते." महिनाभर या वाक्यावरच अडलं. शेवटी दादा म्हणाला, "आई, पैशासाठी नको करू, बाबांचं नाव यादीत यायला पाहिजे म्हणून कर." मला दादाचं म्हणणं पटलं, आईला पटलं की नाही माहीत नाही, पण तिने आधार कार्ड काढून दिलं.

डिसेंबरात राज्याचं पोर्टल सुरू झालं. तुकडोजी पुतळ्याजवळ एक सायबर कॅफे आहे, त्या दादाने तोवर असे कितीतरी अर्ज भरले होते, त्याला सगळं पाठ. लागायचं काय तर अर्जदाराचा आधार, आधारला जोडलेलं बँक खातं, मृत्यूचा दाखला, टेस्टचा किंवा दवाखान्याचा पुरावा, आणि बाकी वारसांची हरकत नाही असं लिहून. पहिली अडचण, बाबांच्या आधारवर नावात इंग्रजीत एक 'ए' जास्त आणि दाखल्यावर एक कमी. सायबरवाला म्हणे, "ताई, हा 'ए' ना माणूस गेल्यावरच सापडते." ते एका प्रतिज्ञापत्रावर निभावलं. दादाने पुण्याहून ना-हरकत स्कॅन करून पाठवली, ती फाइल जड झाली, मग बारीक केली तर वाचता येईना, असे दोन तास.

मृत्यूच्या दाखल्याबद्दल एक सांगते कारण सगळेच इथे गोंधळतात. जन्ममृत्यू नोंदणीतून जो दाखला मिळतो त्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलंच नसतं, कोणाच्याच नसतं. कारण असतं ते डॉक्टरच्या वेगळ्या कागदावर, फॉर्म ४. तेव्हा तो दवाखाना नोंदणीकडे पाठवायचा आणि आपण तो सहसा पाहतच नव्हतो. आमच्या फॉर्म ४ वर ते न्यूमोनिया आणि एआरडीएस. अरे पण न्यूमोनिया कशाने?

जानेवारीत, ओमायक्रॉनची लाट चालू होती तेव्हा, मेसेज आला, अर्ज नामंजूर. ज्यांचं नाव सरकारी कोविड मृत्यूंच्या यादीत आधीपासून होतं त्यांचे पटापट झाले, आमचं कुठल्याच यादीत नव्हतं. मी एका ऑफिसात विचारायला गेली तर तिथले साहेब कॉम्प्युटरकडे बघतच म्हणाले, "मॅडम, निगेटिव्ह आहे ना रिपोर्ट, मग कोविड कसा?" मी म्हटलं, मग मला हात का नाही लावू दिला? ते म्हणाले ते प्रोटोकॉल असते. बाप्पा! मी बाहेर येऊन गाडीवर बसून राहिली बराच वेळ, भर जानेवारीत घाम आला होता.

नामंजूर झालं की तक्रार निवारण समितीकडे अपील करता यायचं, तेही त्याच पोर्टलवर. समितीत डॉक्टर असायचे, हे महत्त्वाचं, म्हणजे कोणीतरी एचआरसीटी वाचणारं. पण त्यासाठी दवाखान्याची पूर्ण फाइल पाहिजे होती आणि माझ्याकडे फक्त बिलं. दवाखान्यात गेली तर तिथे आता कोविडचं नावनिशाण नाही, खाली सोनोग्राफी सुरू झालेली, रिसेप्शनवर नवीन मुलगी. "रेकॉर्ड गोडाऊनला आहे." तीन चकरा झाल्या. मग ऑफिसातल्या एका सरांनी सांगितलं की डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे, पेशंटच्या घरच्यांनी मागितलं तर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं आणि तीन वर्षं सांभाळावं लागतं. मी हे लिहून अर्ज दिला, पोच घेतली, आणि चौथ्या दिवशी झेरॉक्स मिळाली. कोणाला लागलं तर हेच करा, तोंडी मागू नका, लिहून द्या आणि शिक्का घ्या. ज्या सिस्टरचं मी म्हटलं ती तिथेच होती, तिने फाइल चाळून एक पान काढून दिलं, रोजचा ऑक्सिजनचा चार्ट, म्हणे हे पहिलं लावा. १५ लिटर, १५ लिटर, मग एनआयव्ही, म्हणजे मास्कवालं व्हेंटिलेटर. त्या तक्त्यात बाबांचे नऊ दिवस होते. मी ते रात्री घरी नाही वाचलं, ऑफिसात वाचलं.

आणि घाटाची पावती. मूळ पावती मृत्यूच्या नोंदणीला दिली होती, माझ्याकडे मोबाइलमधे फोटो होता पण अंधारात काढलेला, 'कोविड' नीट दिसत नव्हतं. म्हणून घाटावर गेली, नक्कल मिळते का बघायला. तिथल्या काकांनी रजिस्टर काढलं आणि एप्रिलची पानं उलटून राहिले. मी बाजूला उभी. एरवी एका पानावर किती दिवस पुरत असतील, एप्रिलात एका दिवसाला पानं पुरत नव्हती. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत कोविड, कोविड, कोविड, मग काही ठिकाणी लिहिणाऱ्याने कंटाळून नुसत्या दोन रेघा मारलेल्या, वरच्याप्रमाणे म्हणून. बाबांच्या नावापुढे पूर्ण शब्द होता. काका म्हणाले, "तुमचं बरं आहे पोरी, लिहिलेलं आहे. ज्यांच्यापुढे रेघा आहेत ते येतात ना, त्यांना काय सांगू?"

बाहेरच्या बातम्यांशी हे जुळत होतंच. जानेवारी २०२२ मधे सुप्रीम कोर्टापुढे आलेल्या आकड्यांत महाराष्ट्राचे नोंदलेले मृत्यू १ लाख ४१ हजारांवर होते आणि मदतीचे अर्ज २ लाखांच्या वर. मे महिन्यात डब्ल्यूएचओने अंदाज काढला की २०२० आणि २०२१ मिळून भारतात नेहमीपेक्षा ४७ लाख जास्त माणसं गेली, त्यात कोविडने आणि कोविडच्या गोंधळाने उपचार न मिळून गेलेली, दोन्ही. सरकारने तो अंदाज मानला नाही. मी काही आकडेतज्ज्ञ नाही, पण त्या रजिस्टरातल्या रेघा मी पाहिल्या आहेत.

फेब्रुवारीत समितीपुढे बोलावलं. मी अख्खी रात्र मुद्दे लिहून काढले होते, कोर्टाच्या आदेशाची प्रिंट, त्यावर पिवळा हायलाइटर, सगळं. आत चार जण. त्यातल्या एका डॉक्टर मॅडमनी एचआरसीटीची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, ऑक्सिजनचा चार्ट पाहिला आणि बाजूच्यांना म्हणाल्या, "कोविडच आहे हो हे, यात विचारायचं काय?" झालं. दोन मिनिटं पण नाही. मला एक शब्द बोलायला लागला नाही आणि खरं सांगते, मला थोडा रागच आला, इतकं सोपं होतं तर. बाहेर आल्यावर त्या मॅडमनाच जाऊन थँक्यू म्हणावं असं वाटलं पण पुढचे आत गेले होते, एक म्हातारे बाबा, त्यांच्या हातात मिठाईच्या दुकानाची पिशवी आणि तीत सगळे कागद.

मार्चमधे आईच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. ती वाचून म्हणाली, "औषधांचे निघाले," आणि परत पोळ्या लाटायला लागली. संध्याकाळी मला म्हणाली, त्यातले दहा हजार गेटवर डबा लावायच्या त्या काकूंना द्यायचे. काकूंनी अर्थातच घेतले नाहीत, वर आईवर रागावल्या.

पण दोन दिवसांनी त्या आल्या, मला म्हणाल्या तुझं झालं तसं आमचं होईल का. काका मे महिन्यात गेले होते, आम्हाला सगळ्यांना हार्टचं माहीत होतं. ते हार्टचं नव्हतं. घरीच गेले, तीन दिवस दम लागत होता, काकूंनी भीतीने कुठे नेलं नाही, नेलं तर परत येत नाहीत असं तेव्हा सगळेच म्हणत होते, आणि आमच्या घरचं त्यांनी डोळ्याने पाहिलं होतं. टेस्ट नाही, एचआरसीटी नाही, डॉक्टर आलेला नाही. २४ मार्चला कोर्टाने मुदतही घातली होती, २० मार्चच्या आधी गेलेल्यांसाठी ६० दिवस. मी म्हटलं काकू, काहीही चालेल, औषधाच्या दुकानाची चिठ्ठी, कोणाला केलेला मेसेज, शोधा. त्यांनी मोबाइल आणून दिला. त्यात ओळखीच्या कंपाउंडरला पाठवलेला एक फोटो होता, काकांचं बोट ऑक्सिमीटरमधे आणि आकडा ७१. खाली काकूंनी लिहिलं होतं, "हे बरोबर आहे का भाऊ?" त्याच्या निळ्या टिक्स होत्या, उत्तर नव्हतं.

सायबरवाल्या दादाने तो फोटो ए-फोर वर मोठा करून प्रिंट काढला आणि अपलोड केला, पैसे घेतले नाहीत. अर्ज नामंजूर झाला. अपीलही केलं, मी सोबत गेली होती, ते लोक वाईट वागले नाहीत, बसा म्हणाले, पाणी दिलं, पण नियमात कुठे बसवणार. काकूंनी प्रिंट परत मागून घेतला आणि घडी न घालता पिशवीत उभा ठेवला, मुडपू नये म्हणून.